सुरमईत पारा येतो तरी कुठून?

कॅम्पातली_वहिनी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

सूनबाईला चौथा महिना लागलाय. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी आहाराचा कागद हातात दिला. नाचणी, पालेभाज्या, दूध, सगळं नेहमीचंच. पण खाली पेनाने लिहिलं होतं, "मोरी पूर्ण बंद. मोठी सुरमई नको. बांगडा, तारली चालेल." मी विचारलं, का हो, उष्ण पडते म्हणून? तर म्हणाल्या, नाही, पारा असतो. बाहेर पुढचा नंबर ताटकळला होता, जास्त विचारता आलं नाही.

आता मोरी, म्हणजे शार्क मासा, ही आमच्याकडे बाळंतिणीला मुद्दाम करून घालायची गोष्ट. दूध येतं म्हणतात. माझ्या सासूबाईंनी मला घातली, त्यांना त्यांच्या सासूने. त्यामुळे घरात आता दोन पक्ष पडलेत.

माझा प्रश्न साधा आहे. आपली बेळगावची मासळी येते कारवार, गोवा, मालवणहून. पहाटे चोर्ल्याने नाहीतर अनमोडने गाड्या वर चढतात. तिकडच्या समुद्रात पारा टाकतो कोण? आणि पाणी एकच असताना तो मोरीत जातो आणि बांगड्यात जात नाही, असं कसं?

निपाणीचा_झटका
सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही, संकष्टी नाही, श्रावण नाही. उरलेल्या दिवशी सुरमईचा भाव परवडत नाही. वहिनी, आमचं घर आधीपासूनच पारामुक्त आहे.

कारवारची_लेक
माहेर कारवार, सासर शहापूर, म्हणून लिहिते. "कोण टाकतो" याचं एक उत्तर आमच्याकडेच होतं. बिणग्याला समुद्राला लागून कॉस्टिक सोड्याचा कारखाना होता. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून सोडा काढायचा, आणि त्या जुन्या पद्धतीत पाऱ्याचा थर लागायचा. त्यातला थोडा थोडा पारा सांडपाण्यातून जायचा. १९९० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी तिथल्या खाडीतला पारा मोजून लेखही छापला होता.

आजी त्या बाजूचे तिसरे-कालवं घ्यायची नाही. तिला पारा-बिरा काही माहीत नव्हतं, "थंयचें उदक बरें ना" एवढंच म्हणायची. पण लोकांना मासे तर खायचेच होते, ते दुसरीकडून आणायचे.

आता देशातल्या जवळजवळ सगळ्या सोडा कारखान्यांनी पाऱ्याची पद्धत टाकून पडद्याची, म्हणजे मेम्ब्रेनची पद्धत धरली आहे.

उद्यमबागी
झालं तर मग, गुन्हेगार सापडला. कारखाना. नेहमीप्रमाणे.

जुना_खडू
इतक्यात सापडला नाही, उद्यमबागी. बिणग्याचा पारा बिणग्याच्या तिसऱ्यांत सापडेल. सुरमई आणि मोरी ही समुद्रात लांबवर फिरणारी जनावरं. त्यांच्या अंगात जो पारा असतो तो बहुतेक आकाशातून आलेला असतो. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

पारा हा खोलीच्या तापमानालाही वाफ होणारा धातू. कोळशात तो अगदी चिमूटभर असतो, पण भट्टीत गेला की पूर्ण उडतो. लोखंड, शिसं यांचे कण धुराड्यातून निघाले की थोड्या अंतरावर खाली बसतात. पाऱ्याची वाफ बसत नाही. ती पाण्यात फारशी विरघळत नाही, त्यामुळे पाऊससुद्धा तिला धुऊन काढू शकत नाही. अशी वाफ हवेत काही महिने, सरासरी अर्ध्या ते एक वर्षापर्यंत राहते. तेवढ्यात वारा तिला पृथ्वीभर फिरवून आणतो. म्हणून उत्तर गोलार्धात कुठेही, कारखान्यापासून शेकडो कोस दूर मोजा, घनमीटरभर हवेत साधारण दीड नॅनोग्रॅम पारा मिळतोच. दक्षिण गोलार्धात थोडा कमी, कारण कारखाने आणि माणसं वर जास्त.

मग ती खाली येते कशी? हवेत, विशेषतः वरच्या थरांत, समुद्रातून उडालेला ब्रोमीन तिच्याशी क्रिया करतो. वाफेचं रूपांतर विरघळणाऱ्या क्षारासारख्या रूपात होतं. हे रूप मात्र पावसात लगेच सापडतं आणि खाली येतं. जमिनीवर आणखी एक वाट आहे: झाडांची पानं श्वास घेताना पाऱ्याची वाफही आत ओढतात, पानगळीबरोबर तो मातीत जातो. जंगलात पावसापेक्षा पानांच्या वाटेने जास्त पारा उतरतो हे गेल्या काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी मोजून दिसलं आहे.

आणि खाली आला म्हणजे संपला असंही नाही. उन्हाने, जिवाणूंनी त्याची पुन्हा वाफ होते, ती पुन्हा उठते, पुढच्या मुक्कामाला जाते. वारीसारखं, मुक्काम करत करत. फक्त ही वारी शेकडो वर्षं चालते. आज हवेत असलेल्या पाऱ्याचा मोठा भाग आज सोडलेला नाहीच, आपल्या खापरपणजोबांच्या काळात कुणीतरी सोडलेला आहे.

शंकासुर
सर, तुमचा आदर राखून. ज्वालामुखी पारा ओकतच होते की माणूस जन्मायच्या आधीपासून. प्रत्येक गोष्टीत माणसालाच आरोपी करायची फॅशन झाली आहे.

जुना_खडू
ज्वालामुखी ओकतात, खरं आहे. ज्वालामुखी आणि खडकांतून वर्षाला हवेत येणारा पारा साधारण ५०० टन धरतात. माणसाच्या उद्योगांचा आकडा, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, २०१५ या एका वर्षात सुमारे २२२० टन.

पुरावा हवा असेल तर बर्फात आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या एका हिमनदीत भोक पाडून बर्फाचा लांबच लांब दांडा काढला आणि थराथराला पारा मोजला. १८१५ चा तांबोरा दिसतो, १८८३ चा क्राकाताउ दिसतो, १९८० चा सेंट हेलेन्स दिसतो. तुमचे ज्वालामुखी सगळे हजर आहेत. पण ते वर्ष-दोन वर्षांचे टोकदार सुळके. त्यांच्यामध्ये कॅलिफोर्नियातली सोन्यासाठीची झुंबड दिसते, आणि विसाव्या शतकात तर सगळी रेघच वर सरकते.

शंकासुर
बर्फाचं पटलं. पुढचं बोला.

दांडेली_ते_धारवाड
२२२० टनांत कोळसा सगळ्यात पुढे असणार. आमच्या बाजूला रायचूर, बळ्ळारी, आणि आता विजापूरकडचं कुडगी. राखेचे डोंगर आहेत नुसते.

जुना_खडू
नाही. कोळसा दुसरा आहे, सुमारे २१ टक्के. मग शिसं-जस्त-तांब्याचे वितळकाम १५ च्या आसपास, सिमेंट ११. पहिला नंबर, ३८ टक्के, कुणाला अंदाज?

निपाणीचा_झटका
विडी?

झारेकऱ्याचा_नातू
सोनं.

मला हे वाचून माहीत नाही, घरातून माहीत आहे. आमचे आजोबा झारेकरी. नव्या पोरांसाठी सांगतो: सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, म्हणजे खरोखरचा केर. पाटाखालची धूळ, जुन्या मुशींचे तुकडे, शेगडीची राख, दुकानाच्या दारातली गटाराची मातीसुद्धा. सोनाराने हात धुतलेलं पाणीही वाया जायचं नाही. ती माती घमेल्यात धुवत धुवत बारीक काळी वाळू उरवायची. मग त्यात पारा टाकून हाताने मळायचा. उघड्या हाताने. डोळ्याला न दिसणारे सोन्याचे कण पारा आपल्यात ओढून घेतो. मग ते सगळं जाड कापडात बांधून पिळायचं. जादा पारा कापडातून थेंब थेंब गळून खाली वाटीत पडतो आणि आत लोण्यासारखा मऊ पांढरा गोळा उरतो. तो मुशीत घालून निखाऱ्यावर ठेवायचा. पारा उडून जातो, खाली पिवळी खरपुडी राहते.

उडून जातो म्हणजे कुठे, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. परड्यात शेगडी, शेजारी आजी भाकऱ्या थापतेय. म्हातारपणी आजोबांचा हात इतका कापायचा की बशीतून चहा पिता येत नव्हता. आम्ही वयावर घालवलं.

ॲमेझॉनच्या जंगलात, घानात, इंडोनेशियात आज लाखो गरीब माणसं नदीच्या वाळूवर तेच करतात जे आजोबा गल्लीत करत होते. फरक प्रमाणाचा.

जुना_खडू
नातवाने जे लिहिलंय ते पाठ्यपुस्तकात नसतं. जोड देतो फक्त: स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात मेक्सिको आणि पेरूमध्ये चांदी काढायला हीच युक्ती प्रचंड प्रमाणावर वापरली. पारा यायचा स्पेनमधल्या अल्मादेनहून आणि पेरूतल्या वांकावेलिकाहून. त्या चांदीची नाणी व्यापारातून सुरतेच्या बंदरापर्यंत पोचली. आणि तिच्यापायी उडालेल्या पाऱ्याचा काही अंश अजून समुद्रात-मातीत फिरतोय.

उद्यमबागी
चला, म्हणजे आम्ही फौंड्रीवाले सुटलो.

दांडेली_ते_धारवाड
सुटताय कसले. कोक जाळता की.

उद्यमबागी
कोक म्हणजे कोळसा आधीच बंद भट्टीत भाजून काढलेला. त्यातला पारा कोक बनवतानाच उडून गेलेला असतो. आणि अर्ध्याअधिक शेडमध्ये आता इंडक्शन भट्टी आहे, विजेवर चालते.

दांडेली_ते_धारवाड
वीज येते रायचूरहून. :)

उद्यमबागी
मग तुमचा मोबाईल गोबरगॅसवर चार्ज होतो काय?

खडू सरांना एक विचारायचं आहे. धुराड्यांना जाळ्या, धूळ पकडणारी यंत्रं असतात. पारा त्यात अडकत नाही का?

जुना_खडू
थोडा अडकतो. क्लोरीनशी जोडलेला किंवा राखेच्या कणाला चिकटलेला पारा यंत्रात सापडतो, गंधक धुणारी यंत्रणा असेल तर आणखी सापडतो. शुद्ध वाफ सरळ निघून जाते. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये वीज केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा पहिल्यांदा घातली, घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅम. पकडलेला पारा राखेत जातो, हेही लक्षात ठेवायचं. तो नाहीसा होत नाही, जागा बदलतो.

कणकुंबीचा_पाऊस
ह्या धाग्यावर माझं नाव घेतल्याशिवाय कसं चालेल. आमच्याकडे चार महिने आभाळ फुटलेलं असतं. पावसातून पारा येतो म्हणता, जंगलाच्या पानांतून येतो म्हणता. म्हणजे खानापूर तालुक्यात जंगलही दाट, पाऊसही जास्त. सगळ्या जगाचा पारा आमच्याच परड्यात?

जुना_खडू
प्रश्न योग्य आहे. घाटमाथ्यावर अथणीसारख्या कोरड्या भागापेक्षा जास्त पारा उतरत असणार, हे त्या दोन कारणांवरून उघड आहे. आणखी एक सांगतो: अमेरिकेच्या आग्नेय भागात असं दिसलं की उंच गडगडाटी ढगांच्या पावसात साध्या पावसापेक्षा पारा जास्त असतो, कारण ते ढग वरच्या थरात शेंडा घालून तिथला तयार झालेला विद्राव्य पारा खाली ओढतात. आपला वळीव त्याच जातीचा.

पण उतरला म्हणजे बाधला असं नाही. तुमच्या मातीत, पालापाचोळ्यात तो घट्ट बसून राहतो. जंगल हे पाऱ्याचं कोठार आहे. ते जाळलं की मात्र कोठाराला आग लागते आणि पारा पुन्हा हवेत.

सीमेवरचा_शिपाई
म्हणजे पाऱ्याला महाराष्ट्र-कर्नाटक काही नाही. चोर्ल्याचा चेकनाका नाही, पाटीवर कुठल्या भाषेत लिहिलंय ते बघत नाही.

निपाणीचा_झटका
शिपाई, तुमचा प्रतिसाद समन्वयकांच्या नजरेत येण्याआधी खोडून टाका. मागच्या वेळी मिरचीच्या धाग्यावर सीमाप्रश्न निघाला आणि धागा वाचनमात्र झाला.

चिकोडीचा_ऊस
आमच्या शेतकऱ्याला का इसरलासा? हवेतनं काय यायचं ते यील, आमी तर हातानं पारा घातलाय रानात. उसाला काणी पडू नये म्हणून बेणं बुडवून लावायचं. दोन डोळ्यांची टिपरी करायची, बॅरलात पाणी, पाण्यात एमिसानची पुडी, त्यात टिपरी बुडवून काढायची. बटाट्याच्या बेण्यालाबी तेच. हातमोजे कुठलं? माणसं त्याच हातानं तंबाखू मळायची. पुडीवर लाल खूण असायची, पर वाचतंय कोण, आणि वाचलं तर कळतंय कुणाला. त्यात पारा हाय हे मला कृषी मेळाव्यात एका पोरानं सांगितलं तवा कळलं.

उरलेलं पाणी कुठं टाकायचं? पाटात.

जुना_खडू
बरोबर. ते सेंद्रिय पाऱ्याचं बुरशीनाशक होतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने अठरा कीडनाशकांबद्दल जो आदेश काढला, त्यात त्यावर पूर्ण बंदी आली. जुन्या पुड्या गोठ्यात, माळ्यावर सापडल्या तर अजिबात वापरू नका.

याच्या भाऊबंदाने १९७१-७२ मध्ये इराकमध्ये हाहाकार केला होता. दुष्काळ होता, परदेशातून पेरणीसाठी गहू आला, त्याला मिथाइल पाऱ्याचा लेप. पोत्यावरची सूचना परक्या भाषेत. लोकांनी तो दळून रोट्या केल्या. सरकारी नोंदीनुसार ४५९ माणसं गेली.

दवाखाना_उघडा_आहे
इथे मी शिरतो, कारण वहिनींचा मूळ प्रश्न माशाचा आहे आणि सर अजून ढगात आहेत. :)

पारा तीन वेशांत येतो आणि तिन्ही शरीराशी वेगळे वागतात. थर्मामीटरमधला चकाकता पारा पोराने गिळला तर आई घाबरून येते, पण तो जवळजवळ जसाच्या तसा शौचावाटे निघून जातो. त्याच पाऱ्याची वाफ हुंगली तर सुमारे ८० टक्के फुप्फुसातून रक्तात. नातवाच्या आजोबांचं तेच झालं असावं. हात कापणं हे पाऱ्याच्या वाफेचं जुनं ओळखीचं लक्षण. तिसरा वेश मिथाइल पाऱ्याचा. तो अन्नातून आला की ९५ टक्के अंगात शोषला जातो, वारेतून बाळाकडे जातो, आणि नाळेच्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त भरतं. बाळाचा मेंदू तेव्हा घडत असतो.

जपानमध्ये मिनामाता गावी एका रासायनिक कारखान्याने १९३२ पासून १९६८ पर्यंत खाडीत हा पारा सोडला. आधी मांजरं वेडीवाकडी नाचून मेली, मग कोळ्यांना चालता-बोलता येईना. सगळ्यात वाईट म्हणजे ज्या बायकांना स्वतःला फारसा त्रास नव्हता त्यांची मुलं जन्मतः पंगू झाली. रोगाची अधिकृत नोंद झाली १ मे १९५६ ला.

सीमेवरचा_शिपाई
१९५६. आणि १ मे. बेळगावच्या माणसापुढे या दोन गोष्टी एका वाक्यात लिहू नका डॉक्टर, बीपी वाढतं.

निपाणीचा_झटका
बीपी मोजायचं यंत्रही पाऱ्याचंच. शिपायाला चहूबाजूंनी घेरलाय.

कणकुंबीचा_पाऊस
हसू आलं, पण डॉक्टर, माझं उत्तर राहिलं. मातीतला पारा हा मिथाइल पारा होतो कधी?

जुना_खडू
मी ढगातून उतरलोय, मीच सांगतो. जिथे पाणी साचतं आणि तळाच्या चिखलात प्राणवायू नसतो तिथे. अशा चिखलात गंधकाच्या क्षारांवर जगणारे जिवाणू असतात, ते पाऱ्याला मिथाइलची जोड देतात. कोणत्या दोन जनुकांमुळे त्यांना हे जमतं ते २०१३ मध्ये सापडलं. दलदल, खाडी, नवं धरण, भातखाचर, सगळीकडे ही सोय आहे. उघड्या समुद्रातही पृष्ठभागाच्या खाली, जिथे वरून पडलेला मृत गाळ कुजत असतो त्या थरात हे घडतं.

आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. किती पारा पडला यापेक्षा तो कुठे पडला यावर खेळ ठरतो. खडकावर पडलेला किलोभर पारा जेवढं नुकसान करणार नाही तेवढं चिखलात पडलेला चमचाभर करेल.

कणकुंबीचा_पाऊस
भातखाचर म्हणालात? इथे खानापूर-बेळगावचा बासमती नाक वर करून विकतो आम्ही!

जुना_खडू
घाबरू नका. चीनमध्ये ग्वेइचौ प्रांतात जुन्या पाऱ्याच्या खाणींशेजारी भातात मिथाइल पारा सापडला आणि तिथल्या लोकांच्या अंगात तो माशातून नव्हे, भातातून गेला. पण तिथली माती शतकानुशतकांच्या खाणकामाने भरलेली. आपल्याकडे पाऱ्याची खाण नाही.

शंकासुर
आणि राकसकोपचं पाणी? हिडकलचं? धरणात चिखल आहे, साचलेलं पाणी आहे. नळाला तेच येतं.

जुना_खडू
पाणी निर्धास्त प्या, निदान पाऱ्यापुरतं. पाण्यात मिथाइल पारा इतका विरळ असतो की आयुष्यभर प्यायलात तरी मोजण्याइतका जमणार नाही. माशाची गोष्ट वेगळी. नवीन धरण भरलं की बुडालेली झाडं-माती कुजते, त्या काळात तिथल्या माशांतला पारा वाढतो. कॅनडातल्या धरणांत हे नीट मोजलं आहे. वीस-तीस वर्षांत तो उतरतो. हिडकल आणि राकसकोप त्या वयाच्या पुढे गेलेत.

दवाखाना_उघडा_आहे
आता वहिनींचा दुसरा प्रश्न, मोरीत का आणि बांगड्यात का नाही. बांगड्यातही आहे, पण थोडा. पाण्यातली सूक्ष्म वनस्पती मिथाइल पारा उचलते. तिला बारीक जीव खातात, त्यांना तारली-मांदेली, तारलीला सुरमई. अंगातला पारा बाहेर जायला फार वेळ लागतो, म्हणून प्रत्येक खाणाऱ्याकडे आधीच्या सगळ्यांची शिल्लक जमते. पाण्याच्या तुलनेत मोठ्या शिकारी माशात हे प्रमाण दहा लाख पटींपर्यंत जातं. बांगडा दोन-चार वर्षांत तव्यावर येतो. मोरी सावकाश वाढते, वर्षानुवर्षं जगते आणि दुसऱ्यांना खाऊनच जगते. तळून, उकळून, चिंच-कोकम घालून पारा जात नाही, तो मांसाच्या प्रथिनालाच धरून बसलेला असतो.

सुरमईचं मात्र थोडं मोकळं बोलतो. डॉक्टर मंडळी जी यादी वापरतात ती बहुधा अमेरिकेची असते. त्यातली बंदी असलेली सुरमई अटलांटिकची, आपल्या सुरमईची चुलत बहीण. म्हणून छोट्या सुरमईची एखादी तुकडी पोटात गेली तर रात्रभर जागायचं कारण नाही. पण हाताएवढ्या रुंद तुकड्या पडणारी मोठी सुरमई आणि कुठलीही मोरी, हे डॉक्टरबाईंनी बरोबर लिहिलंय. आणि उलट टोकाला जाऊन मासेच बंद करू नका, बाळाच्या मेंदूला लागणारी स्निग्धं त्यातच आहेत. बांगडा, तारली, मांदेली, आठवड्याला दोनदा खुशाल.

कारवारची_लेक
पण बाळंतपणानंतर? मोरी दुधासाठी देतात ती तेव्हाच की. आमच्यात तर छोटी मोरी देतात, पिल्लू.

दवाखाना_उघडा_आहे
आईच्या रक्तातला मिथाइल पारा निम्मा व्हायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. दुधातून तो वारेतल्यापेक्षा कमी जातो, पण जातो. पिल्लात मोठ्या मोरीपेक्षा कमी असणार. तरी दूध वाढवायचंच असेल तर हळीव, डिंक, शेवग्याचा पाला आहे की. मोरीचा हट्ट कशाला?

कॅम्पातली_वहिनी
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांचं म्हणणं, "आमच्या वेळी हवेत एवढा पारा नव्हता." मी म्हटलं, सर म्हणतात तुमच्या खापरपणजोबांच्या वेळचाच आहे. त्यावर त्या म्हणाल्या, सरांना म्हणावं जेवायला या, बांगड्याचं तिखलं करते.

जुना_खडू
सासूबाईंना सांगा, त्याही थोड्या बरोबर आहेत. औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत हवेतला पारा तिपटी-चौपटीने वाढला आहे. तिखल्याला येतो.

शंकासुर
मग पारा कमी करायच्या त्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराने काय साधलं? २०१३ ला झाला, २०१७ ला लागू झाला, २०१८ ला भारताने मान्य केला. माशातला पारा उतरला का?

जुना_खडू
नाही उतरला. १९७१ ते २०२२ या काळातल्या टूना माशांचे नमुने तपासले गेले; अमेरिका-युरोपने या काळात धुराड्यांतला पारा बराच कमी केला, तरी टूनामधला जवळजवळ तेवढाच राहिला. खालच्या समुद्रात साठलेला जुना पारा वर येत राहतो.

करार निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आज जे सोडू ते पुढची शंभर-दोनशे वर्षं फिरणार आहे. नळ बंद केला नाही तर हौद कधीच उपसून होणार नाही, इतका साधा हिशेब. माझी तक्रार वेगळी आहे. करार कारखान्यांना, दिव्यांना, थर्मामीटरला नेमक्या तारखा देतो, आणि ३८ टक्क्यांच्या सोनेखाणीला "शक्य तेवढं कमी करा" एवढंच सांगतो. कारण तिथे पोटं आहेत.

झारेकऱ्याचा_नातू
पोटं आहेत आणि वर सोन्याचा भाव आहे. अक्षय्य तृतीयेला सराफ कट्ट्यावर उभे राहिलो की त्या ३८ टक्क्यांत आपलाही वाटा लागतो.

उद्यमबागी
दिव्यांवरून आठवलं. आमच्या शेडमधल्या जुन्या ट्यूबा काढून एलईडी लावल्या. काढलेल्या ट्यूबांचा ढीग कोपऱ्यात आहे. भंगारवाला टोकाची पत्र्याची टोपी काढून घेतो आणि काच तिथेच फोडतो. ते चालतं का?

दवाखाना_उघडा_आहे
चालत नाही. एका ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅमच पारा असतो, पण ढीगभर फोडल्यावर ती वाफ भंगारवाल्याच्या छातीत जाते. न फोडता खोक्यात ठेवा, ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाकडे द्या. घरात एखादा बल्ब किंवा थर्मामीटर फुटला तर खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा. झाडू किंवा व्हॅक्यूम लावू नका, त्याने थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी गोळा करा, उरलेलं चिकटपट्टीने टिपा. आणि आधी हातातली अंगठी काढा.

कारवारची_लेक
अंगठी का?

झारेकऱ्याचा_नातू
पांढरी पडते. सोनं पारा पितं. मग घेऊन येतात आमच्या गल्लीत, आणि सोनार ती तापवून पारा उडवतो. पुन्हा तेच.

चिकोडीचा_ऊस
माझ्याकडं माळ्यावर एमिसानच्या दोन पुड्या निघाल्यात, आणि थोरल्या चुलत्याच्या दवाखान्यातली एक बाटली हाय, तळाशी पारा. दोन-चार चमचे असंल, पर उचलली की हात खाली जातोय एवढी जड. पोरगं म्हणतंय सोनाराला इकू या, पैसं येतील. काय करू?

झारेकऱ्याचा_नातू
इकू नका हो काका. घेणारा शेगडीवरच ठेवणार.

जुना_खडू
बाटली काचेची असेल तर तशीच एका जाड प्लास्टिकच्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीत ठेवा, म्हणजे फुटली तरी सांडणार नाही. पुड्या वेगळ्या डब्यात, वर "विष" असं मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा, आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. पुड्यांसाठी रयत संपर्क केंद्रात विचारा. पाऱ्यासाठी प्रदूषण मंडळाच्या बेळगाव कार्यालयात मी सोमवारी जाऊन विचारतो, थोडासा पारा कुणी जमा करून घेतं का ते, आणि इथेच लिहितो.